लांबून बसेन म्हणाले

ही गोष्ट मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेली नाही. मला ओळखणारे हे वाचून हसतील. विजू, आणि न सांगितलेली गोष्ट? टेलिफोन खात्यात जन्म काढलेली बाई मी. अर्ध्या पुण्याची लग्नं माझ्या बोर्डावर जमली आणि उरलेल्या अर्ध्याची मोडली — बरं, दोन जमली, एक मोडलं. सांगायचं एवढंच, की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मग हा एकच तीळ इतकी वर्षं कसा राहिला? भिजला, फुगला, आंबला — पण बाहेर आला नाही. भीतीने.

आणखी एक आधीच सांगते. मी वाढवून बोलते. सवयच आहे, जाता जात नाही. आजही जिभेला ढील मिळाली की ती उधळेल. उधळली की मीच तिला मागे ओढीन. पण जिथे ओढणार नाही, तिथे समजा की ते तसंच झालं होतं.

आमचं घर छप्पन सालच्या दीक्षेतलं. भिंतीवर बुद्धाची मूर्ती, शेजारी निळ्या कोटातली तसबीर, आणि त्या दोघांच्या खालोखाल घरात शब्द चालायचा तो दादाचा. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. खडकीच्या कारखान्यात फिटर. वडील गेले तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. ते खाटेवर होते, घशात घरघर लागलेली. आई म्हणाली, विजू, चमच्याने पाणी पाज त्यांना. चमचा माझ्या हातात होता. मी वाकले, आणि वडिलांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं — की माझ्यातून पलीकडे? — ते मला अजून कळलेलं नाही. चमचा टाकून मी पळाले. नाल्यापलीकडे लाकडाची वखार होती, तिच्यात जाऊन लपले. परतले तेव्हा सगळं संपलं होतं. आई विचारत होती, ही कार्टी होती कुठे? दादा म्हणाला, "मीच पाठवलं होतं तिला. बर्फ आणायला."

दादा आयुष्यात एकदाच खोटं बोलला असेल, तर ते तेव्हा. आम्ही दोघं त्यावर पुढे कधी बोललो नाही.

तेव्हापासून मरणाला मी जी घाबरते — काय सांगू? लोक म्हणतात, विजूताईंना साधनेची केवढी हौस! हौस कसली? भ्यालेला माणूस एका डॉक्टरवर थांबतो का? मीही थांबले नाही. दर रविवारी विश्रांतवाडीच्या विहारात दादाबरोबर वंदनेला बसायचे, ते तर होतंच. पण दादाचा धम्म स्वच्छ, दिवसाउजेडीचा. मुलांना शिकवा, वेळेवर या, दारू पिऊ नका, भुताखेतांना मानू नका. रात्री छातीवर काही येऊन बसलं तर काय करायचं, ते त्यात नव्हतं — किंवा असेल, मला सापडलं नाही. म्हणून मी दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला गेले. तिथे श्वास पाहायचा. तिथले आचार्य विचारायचे, दुसरी कुठली साधना यात मिसळत नाही ना? "छे छे!" मी म्हणायचे, आणि पर्समध्ये जपमाळ. मग कोथरूडला जपानी मंत्र म्हणणाऱ्या बायकांच्या मंडळात गेले. तो मंत्र इतका झपझप म्हणतात की पहिल्या दिवशी मला धाप लागली. मग कोरेगाव पार्कात भिंतीकडे तोंड करून बसायला. शाळेत ही शिक्षा होती, इथे रांग लागते. खरं सांगायचं तर प्रत्येक ठिकाणी काहीतरी होतं. तिथली माणसं प्रामाणिक होती. मीच कुठे पुरती बसले नाही. थोडं खोल जायची वेळ आली की माझा चमचा खाली पडायचा.

आणि मग कर्नाटकातली ती तिबेटी वसाहत.

तिथे एक म्हातारे लामा होते. मरणाच्या क्षणी चित्ताला वर, टाळूकडे कसं न्यायचं, ते ते शिकवत. जिवंतपणीच त्याचा सराव करायचा. मोठ्याने एक हाक द्यायची, आणि जणू मेलोच आहोत अशा भावनेने चित्त वर सोडायचं. साधना लागली याची एक खूण ते सांगत — डोक्याच्या मध्यावर, टाळूशी, गवताची काडी टोचली की ती उभी राहते. आमच्या गटात नाशिकची एक नर्स होती. शेवटच्या दिवशी ती मुक्कामावर परतली तेव्हा तिच्या डोक्यावर काडी उभी राहिलेली मी पाहिली. अगदी या डोळ्यांनी. माझ्या मात्र नाही राहिली. राहणार कशी? पहिल्याच दिवशी लामा शांतपणे म्हणाले, "आता आपण मरायला शिकू," आणि मी चप्पल घालून बाहेर पडले. पुढचे सगळे दिवस बाजारात हिंडले. गरम सूप प्यायले, दुकानदारिणींशी गप्पा मारल्या, आणि लोकरीच्या दोन टोप्या घेतल्या, कान झाकणाऱ्या. एक दादाला, एक मला.

पुण्यात परत आले आणि काडी माझ्या डोक्यावर उभी राहिली.

म्हणजे बोलता बोलता राहिली. विहारात चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, काय ताई, काय शिकलात? नर्सचं डोकं मी माझ्या मानेवर बसवलं आणि सुरू झाले. हाक मारली तशी छपरावरची कबुतरं उडाली, लामा तीनदा वाकून माझ्या पाया पडले — हे सगळं मी भर विहारात सांगितलं. बायका माझ्या डोक्याकडे बघत राहिल्या. एकीने तर हात लावून पाहिला.

दादा मागे बसून चहा पीत होता. बशी खाली ठेवून म्हणाला, "छप्पन साली भट सोडला, पिंड सोडला, दर्भ सोडला. आणि ही बाई डोक्यातच दर्भ रोवून आली!" सगळे हसले. मीही हसले. मग हे रोजचंच झालं. भेटलो की पहिला प्रश्न, "काय विजूबाई, कवटीचं झाकण बसवलं का परत?" आत्माच मानत नाही आपण, तर वरून निघणार काय, वाफ? — असं त्याचं चालायचं. पण थंडी पडली की ती टोपी त्याच्या डोक्यावर दिसायची. म्हणायचा, "तुझ्या सगळ्या साधनांमधली कामाची वस्तू ही एकच."

आता मी मुद्द्याकडे यायला हवं. बघा, किती फिरवलं तुम्हाला. अजूनही फिरवावंसं वाटतंय.

काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात दादाची फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. मी भेटायला जायचे. कात्रजहून दोन बस बदलून विश्रांतवाडी. पण उंबऱ्याजवळची खुर्ची सोडून पुढे सरकायची नाही. तिथूनच विनोद करायचे, वहिनीला हसवायचे. एका दुपारी वहिनी स्वयंपाकघरात होती, माझा भाचा सुहास औषधं आणायला गेला होता. दादाने बोटाने मला जवळ बोलावलं. मला जावं लागलं. त्याने माझं मनगट धरलं. हात गार होता, पण पकड फिटरची.

"विजू," तो म्हणाला, "ते झाकणाचं... खरंच शिकलीस का गं?"

मला वाटलं चेष्टा करतोय. मी तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "सुहासला सांगू नकोस. म्हणेल, म्हातारा शेवटी फिरला. तू काय ते कर. तू जवळ बस फक्त."

सांगा, यात अवघड काय होतं? "नाही रे दादा, थाप होती ती, पण बसते मी" — एवढंच म्हणायचं होतं. तो हसला असता. खोकला असता आणि हसला असता. कदाचित त्याची भीती त्या हसण्यातच थोडी कमी झाली असती. मला माहीत होतं हे. तिथल्या तिथे माहीत होतं. पण त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि ते डोळे वडिलांचे होते. माझे पाय खाटेपासून मागे जायला लागले आणि तोंड मात्र पुढे पळालं.

"शिकले तर," मी म्हणाले. "पण हे जवळून करत नाहीत. रक्ताच्या माणसाने तर लांबूनच करायचं असतं. मी परवा शिबिराला चाललेच आहे. तिथून बसेन तुझ्यासाठी. रोज पहाटे. नळाला पाणी येतं ना, त्या वेळेला. तू फक्त लक्ष टाळूकडे ठेव."

हा नियम कुठल्याही परंपरेत नाही. मी तो त्या खाटेपाशी उभ्या उभ्या तयार केला. आणि शिबिरही नव्हतं. नावच दिलं नव्हतं मी.

दादाने मान हलवली. मनगट सोडलं. "बरं," म्हणाला. "लांबून तर लांबून."

पुढचं सांगताना मला आजही घाम फुटतो. मौनाच्या शिबिरात फोन जमा करतात, बाहेरच्यांशी बोलायचं नसतं. लपायला याहून पवित्र जागा कुठली? विहारात सांगितलं, सोसायटीत सांगितलं, शेजारच्या कुलकर्णीबाईंना तुळशीला पाणी घालायला सांगितलं. पिशवी घेऊन सगळ्यांदेखत निघाले. स्वारगेटला बाकावर बसून राहिले, आणि दुपारी राखणदार डुलकी घेतो तेव्हा मागच्या फाटकातून आपल्याच घरात चोरासारखी शिरले.

शिबिराइतके सगळे दिवस मी माझ्याच घरात लपून राहिले.

दिवे लावता येईनात. कुकरची शिट्टी झाली तर कळेल, म्हणून भात नाही, डाळ नाही, नुसते भिजवलेले पोहे आणि चुरमुरे. मोरीत पाणी ओतायचं ते भिंतीला लावून, हळू. एकदा घंटी वाजली. मी दाराआड उभी. सिलेंडरवाला होता. कुलकर्णीबाई त्याला म्हणाल्या, "अहो, त्या नाहीयेत. मौनात आहेत. फार मोठी साधना आहे त्यांची." दोन इंच लाकडापलीकडे मी उभी होते, तोंडावर पदर दाबून. मौनात होतेच की मी! एवढं कडक मौन मी कुठल्या शिबिरात पाळलं नव्हतं.

आणि पहाटे. प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने वाघाची डरकाळी यायची — बरं, मोर ओरडायचा. पण त्या अंधारात तो माणसासारखा ओरडायचा. थोड्या वेळाने खालच्या टाकीत पाणी पडायला लागायचं आणि मी खडबडून जागी व्हायचे. नळाची वेळ. पलीकडे विश्रांतवाडीत तो वाट बघत असणार. पहिल्या पहाटे मी उठून बसले, खोटं कशाला बोलू? मांडी घातली. श्वास पाहायला गेले तर त्याची घरघर ऐकू आली. मंत्र आठवेना. भिंतीकडे तोंड केलं तर पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटलं. इतक्या ठिकाणांहून जमवलेलं सगळं, आणि त्यातलं एकही हाताला लागेना. डोळे मिटायचीसुद्धा हिंमत झाली नाही. दुसऱ्या पहाटे उठलेच नाही. त्यानंतर कधीच नाही.

आधी मी स्वतःला सांगायचे, थाप उघडी पडेल म्हणून लपले. ती भीती होती, पण ती धाकटी. थाप उघडी पडली असती तर मी दुसरी मारली असती, त्यात मी पटाईत आहे. खरी भीती वेगळीच होती. तो मरताना माझ्याकडे बघेल, याची.

शिबिर संपायच्या दिवशी फोन चालू केला. सुहासचा निरोप होता. "आत्या, पप्पा गेले. अंत्यविधी झाला. साधना पूर्ण करूनच या." तो निरोप येऊन चार दिवस झाले होते. चार दिवस मी माझ्या जिवंत भावासाठी बसत नव्हते, आणि तो जिवंत नव्हताच.

गेले. वहिनी माझ्या गळ्यात पडली. मी काही विचारायच्या आत तीच सांगायला लागली. सुहास शिबिराच्या केंद्राला फोन लावणार होता, आत्याला बोलवून घेऊ म्हणत होता. यांनीच अडवलं. "ते म्हणाले, बसलीय ना ती तिकडे? बसू दे. तिला उठवू नका." तुमच्या लक्षात येतंय ना? तो फोन लागला असता तर अशी कुणी बाई इथे नाही, हे एका मिनिटात कळलं असतं. दादाच्या शब्दाने मी वाचले.

मग दादाच्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. विहार भरलेला. दोन शब्द बोला म्हणून मला उभं केलं. मी खरंच ठरवून गेले होते की काही बोलायचं नाही. पण वहिनीने समोरून विचारलं, भर सभेत, "ताई, तुम्हाला तिकडं काही कळलं का हो? हे गेले त्या पहाटे?" तिचा चेहरा — काय करायला हवं होतं मी? नाही, हा प्रश्न मी तुम्हाला विचारत नाही, उत्तर मला माहीत आहे. मी तोंड उघडलं आणि सांगितलं, हो, कळलं. ध्यानात असताना टाळू एकदम गरम झाली, मोगऱ्याचा वास आला, आणि एक चिमणी आत येऊन माझ्यासमोरून उडून गेली. डिसेंबरात मोगरा! कुणी विचारलं नाही. वहिनी रडली आणि म्हणे त्या रात्री पहिल्यांदा झोपली. आता ती येईल-जाईल त्याला ही गोष्ट सांगते. माझी थाप तिच्या तोंडी गेली आणि खरी झाली. इतकी, की विहारातली माणसं आपलं कुणी शेवटच्या घटका मोजत असलं की मला बोलवायला येतात. दर वेळी मला ताप असतो.

वहिनी आता स्वतः अंथरुणाला खिळली आहे. गेल्या रविवारी मला म्हणाली, "माझ्या वेळी ते लांबून-बिंबून नको हं ताई. काडी नको, मंत्र नको. इथं बसा. हात धरा." मी हो म्हणाले. माझं हो म्हणजे काय, ते आता तुम्हाला माहीत आहे. मी जाईन की नाही, हे मला माहीत नाही. पिशवी माळ्यावर आहे. रोज एकदा तिच्याकडे नजर जाते.

रात्री एकच प्रश्न मला जागं ठेवतो. दादाने विश्वास ठेवला होता की त्याला कळलं होतं? माझ्यावर विश्वास ठेवून तो गेला असेल, तर मी एका भ्यालेल्या माणसाला रिकाम्या विहिरीत दोर सोडायला लावला. आणि त्याला कळलं असेल — विजू पुन्हा वखारीत लपलीय, हे कळूनच तो म्हणाला असेल, उठवू नका तिला — तर त्याने मरताना पुन्हा मला बर्फ आणायला पाठवलं. यातलं कुठलं कमी वाईट? मी दोन्हींकडून पाहिलंय. कुठूनही मी खाटेपाशी नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी निघताना वहिनीने एक वस्तू माझ्या हातात ठेवली. त्याची टोपी. म्हणाली, "शेवटचे दिवस थंडी किती होती! मी घालायची आणि हे काढून टाकायचे. रोज पहाटे, नळाला पाणी आलं की टोपी काढून उशीशेजारी ठेवायचे आणि छताकडे बघत पडायचे. मी रागावले, तर म्हणाले, राहू दे गं. विजूला मधे काही अडायला नको."

तो गेला त्या पहाटे मी कात्रजला होते, दोन गोधड्यांखाली, जागी. टाकीत पाणी पडायला लागलं तेव्हा मी माझी टोपी दोन्ही हातांनी कानांवरून खाली ओढून घेतली.